चौथा रकाना

सीवूड्सच्या केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर,
पेडणेकर मॅडमनी हर्षलासमोर मांडलं:
एक लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर आडवा झालेला माणूस;
एक टॅबलेट, दाबला की त्यातली बाई म्हणते,
‘मला थोडी विश्रांती हवी आहे’;
आणि तिसरी, मांडता न येणारी, हातांची खूण:
दोन मुठी जवळ, मग काडी मोडावी तशा अलग.
“तिन्ही येतात तिला आता,” मॅडम म्हणाल्या,
“आज एवढंच बघायचं,
तिला बोलायला यातलं कुठलं आवडतं.”

आवडतं.
सव्वीस वर्षांत हा शब्द आम्ही तिच्या
जेवणाला लावला, कपड्यांना लावला,
बोलण्याला कधी नाही.
बोलणं म्हणजे तोंडाने.
ते आलं नाही, विषय संपला.

राहिलं मनगट.
डाव्या मनगटावर दातांचे व्रण,
जुने पांढरे, नवे जांभळे.
त्यासाठी मॅडम तीन आठवडे दिवाळे कोळीवाड्यात येऊन
आमच्या ओट्यावर वही घेऊन बसल्या,
चावण्याआधी काय घडतं, चावल्यावर काय घडतं.
शेवटी म्हणाल्या, “ती चिडत नाही. पुरे म्हणते.
आणि चावल्याशिवाय तुम्ही कुणी थांबत नाही.”
आई म्हणाली, “मंग आमी काय बहिरे?”
मॅडम हसल्या नाहीत.

तर त्या दिवशी मणी ओवायचं काम.
कंटाळली, तेव्हा तिन्ही गोष्टी पुढ्यात.
तिने तळहात टेबलावर पालथा ठेवला.
मॅडमनी लिहिलं: प्रतिसाद नाही.
पुन्हा मणी. पुन्हा पालथा तळहात.
प्रतिसाद नाही.
तिसऱ्या खेपेला हात ठेवला, उचलला,
परत ठेवला, जरा दाबून,
आणि मनगट तोंडाकडे निघालं

तेव्हा मला धक्का दिसला.
पाटीत बोंबील, बर्फवाला फावड्याने भुगा ओततोय,
आणि आई पाटीवर पालथा हात धरते.
होड्यांच्या इंजिनांत शब्द कुणाला ऐकू जाणार?
हात आला की फावडं थांबतं.
त्या पाटीला टेकून हर्षला चार वर्षांची असल्यापासून बसायची.

“मॅडम,” मी म्हटलं, “ती मघापासून बोलतेय.”

मग नको ते आठवलं.
नेरूळची जुनी शाळा. ‘हात मांडीवर!’
मांडीवर राहिला की एक रंगीत गोळी.
घरीही तेच करा म्हणाले. मी केलं.
गोळ्यांची पुडी माझ्याच खिशात असायची.
किती लवकर शिकली, म्हणून आम्ही पेढे वाटले होते.
तिच्याकडे होता तो एक शब्द
आम्ही एकेका गोळीने विकत घेतला.

मॅडमनी पट्टी काढली,
तीन रकान्यांच्या शेजारी चौथा आखला.
वर काय लिहू, मला विचारलं.
काही सुचेना. म्हटलं, लिहा: बर्फ पुरे.

टॅबलेट पडून नाही हां.
पाव, टीव्ही, दादा, सगळं त्यावर मागते.
रात्री अकराला ‘दादा’ अकरा वेळा दाबते, आणि खिदळते.
मागायला मशीन चालतं तिला.
नको म्हणायला मात्र
स्वतःचाच हात लागतो.
रिक्षावाल्याला हा हात कसा कळेल, आई विचारते.
मॅडमकडेही उत्तर नाही.
म्हणून तिच्या पर्समध्ये कार्ड असतं,
आडव्या माणसाचं, कोपरे चावलेलं.

काल कोळंबीचं कालवण वाढत होतो,
खांद्यात फोन धरून.
तिने ताटावर हात धरला,
माझं लक्ष नव्हतं.
पळीभर कालवण तिच्या बोटांवर पडलं,
कढत नव्हतं, नशीब.
हात हलला नाही.
दुसरं मनगटही तोंडाकडे गेलं नाही.
बोटांवरून रस्सा ओघळत असताना
ती थांबून राहिली,
मी वर बघेपर्यंत.